लग्न न झाल्याचा पुरावा

खंडेराव गेटाजवळच्या आमच्या हिंदीभाषक गल्लीत माझ्या अनुसूयाकाकूला सगळे ‘बहनजी’ म्हणतात. एकोणतीस वर्षं तिने मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या लिहिल्या नसतील तर ती अर्धे गुण कापायची. मुलगी रडली तर रुमाल द्यायची, गुण नाही. मीही गणित घरी तिच्याकडेच शिकलो आणि म्हणून वकील झालो.

अशी ही बाई आयुष्यात एकच मोठं खोटं बोलली, आणि त्या खोट्यापायी तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न अडकायची वेळ आली.

ही मुलगी म्हणजे स्वाती, माझी चुलत बहीण. सहा वर्षांपूर्वी ती बत्तीस वर्षांची होती आणि जर्मनीत लाइपझिगला एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती. तिला लग्नाची घाई नव्हती. घाई गल्लीला होती. आमच्या मराठी नातेवाइकांनाही होती म्हणा, पण ते ग्वाल्हेरला नाहीतर पुण्याला, फोनवर. फोन ठेवून देता येतो. समोरच्या घरातल्या मिसराइन चाचींना कसं ठेवून देणार? भाजीच्या गाड्यापाशी, गच्चीवर, देवळात, जिथे भेटतील तिथे त्यांचा एकच प्रश्न, “बहनजी, बिटिया की कब कर रही हैं?”

एका सकाळी भेंडी निवडता निवडता काकूचं डोकं सटकलं.

“हो गई,” ती म्हणाली.

“हाय राम! कब?”

“पिछले महीने. वहीं, कोर्ट में.”

घरी येऊन तिने हे मधुसूदनकाकांना सांगितलं. काका रेल्वेच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, सरळमार्गी, मितभाषी. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “अगं, पण मुलगा कोण?”

“ते अजून कोणी विचारलेलं नाही,” काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विचारलं. मग काकूने जावई तयार केला. इंजिनियर, मूळ पुण्याचा, एक बहीण, आईचे गुडघे दुखतात. बाई गणिताची, त्यामुळे एका तपशिलाचा दुसऱ्याशी कधी विरोध आला नाही. मी रोज कोर्टात खोटं ऐकतो, त्यामुळे मला त्यातलं कळतं. इतकं नेटकं खोटं माझ्या एकाही अशिलाला जमलेलं नाही. काकांना मात्र ते मुळीच झेपायचं नाही. मिसराइन चाचींनी “दामाद जी कैसे हैं?” असं विचारलं की काकांना खोकल्याची उबळ यायची आणि ते छातीवर हात ठेवून आत निघून जायचे.

दोन वर्षांनी स्वाती सुट्टीवर आली आणि आपलं लग्न झाल्याचं तिला गल्लीतून कळलं. त्या दिवशी घरात जे झालं त्याला मी साक्षीदार आहे.

“आई, मला न विचारता माझं लग्न लावलंस?”

“तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

मंगळसूत्र घालायला स्वातीने साफ नकार दिला. काकूने खाली जाऊन सांगितलं की प्रयोगशाळेत धातू चालत नाही, म्हणून सवय सुटली. स्वाती परत गेली, दोन महिने आईशी बोलली नाही, मग बोलायला लागली. विषय तिथेच राहिला.

गेल्या वर्षी स्वातीचा फोन आला की ती खरंच लग्न करतेय. मुलगा जर्मन, योनास नावाचा, तिच्याच प्रयोगशाळेतला. काकूला केवढा आनंद झाला! आणि तो गिळून बसावं लागलं, कारण लग्न झालेल्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून पेढे वाटता येत नाहीत. तिने दार लावून घरातल्या घरात शिरा केला आणि आम्हाला बोलावून खायला घातला.

ठरलं असं की आधी लग्न तिकडे कायद्याने नोंदवायचं, मग सवडीने इथे येऊन अक्षता. लोकांना वाटतं, परदेशात लग्न म्हणजे उभ्या उभ्या सही करून मोकळं व्हायचं. मलाही तसंच वाटायचं. तिथल्या नोंदणी कार्यालयाला तुमचं एकमेकांवर प्रेम आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. दोघंही मोकळे आहेत ना, एवढंच त्यांना हवं असतं, आणि ते कागदावर. स्वातीचा जन्मदाखला हवा, त्याचं मान्यताप्राप्त अनुवादकाकडून जर्मन भाषांतर हवं, आणि तिचं आजवर एकदाही लग्न झालेलं नाही असं आईवडिलांचं शपथपत्र हवं. झालेल्या लग्नाचे फोटो असतात, पत्रिका असते. न झालेल्या लग्नाचं काय दाखवणार? म्हणून हे शपथपत्र.

मी ते तयार करून नेलं. काकूने चष्मा लावून हिंदीतलं वाक्य मोठ्याने वाचलं, “मेरी पुत्री स्वाती अविवाहित है तथा उसका इससे पूर्व कोई विवाह नहीं हुआ.” आणि झोकात सही केली. काकांनी तर इतक्या आवेशाने केली की कागद फाटायचाच राहिला. सहा वर्षांनी त्यांना खरं लिहायला मिळालं होतं.

कागद पिशवीत घालताना मी सहज म्हणालो, “आता हे सगळं जर्मन दूतावासाकडे जाईल. तिथून एक माणूस येईल चौकशीला.”

“कुठे?” काकूने विचारलं.

“इथे. शेजारीपाजारी विचारतो, मुलीचं लग्न झालंय का म्हणून.”

काकूचा चेहरा खर्रकन उतरला. मला एका क्षणात सगळं कळलं आणि माझी मला लाज वाटली. कसला वकील मी! गल्लीतल्या एकूण एक घराला स्वातीचा नवरा ठाऊक होता, त्याच्या आईच्या गुडघ्यांसकट, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

“मी आत्ता जाऊन सगळ्यांना खरं सांगून येते,” काकू चपला शोधायला लागली.

मी तिला अडवलं. “काय सांगशील? की कोणी विचारलं तर आमची मुलगी अविवाहित आहे म्हणा? चौकशीवाल्याला हे कळलं तर तो लिहील, साक्षीदार पढवले.”

“अरे अनुप, पण ते खरं आहे!”

“खरं पढवलं तरी पढवलंच, काकू.”

त्या संध्याकाळी आम्ही स्वातीला फोन लावला. ती आधी हसली, मग तिला आपला अर्ज आठवला. “आई,” ती म्हणाली, “मला इथे लेखी विचारलंय, यापूर्वी लग्न झालं होतं का. मी ‘नाही’ लिहिलंय. तिकडून झालं होतं असं कळलं तर ते म्हणतील मी लपवलं. मग ते आमचं लग्न लावणारच नाहीत. योनासच्या आईला मी काय सांगू?”

काकूने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन बसली. त्यानंतर तीन आठवडे ती धड जेवली नाही. पोळी चिवडायची आणि उठायची. माझी बायको आभा रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची. एरवी माझ्या काकूला समजावण्याची हिंमत कोणाला नव्हती, आभाने ती केली, पण उपयोग शून्य. “माझ्या हाताने केलं मी,” एवढंच काकू म्हणत राहिली. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो माणूस आला. किडकिडीत, हातात हेल्मेट, काखेत फाइल. आधी आमच्याकडे नाहीच, सरळ समोर मिसराइन चाचींकडे गेला. आम्ही खिडकीच्या पडद्यामागे उभे. तो आत वीस मिनिटं होता.

“हो की नाही, एवढं सांगायला वीस मिनिटं लागतात?” काकू पुटपुटली. “ती त्याला गुडघ्यांचं सांगतेय. नक्की गुडघ्यांचं सांगतेय. चोंबडी मेली!”

मग तो कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेला, तिथून आणखी एका घरी, आणि शेवटी आमच्याकडे. स्वातीचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, काकाकाकूंच्या सह्या जुळवल्या, पाणी प्यायला आणि उठला. मी दारापर्यंत गेलो आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “भैया, सब ठीक है ना?”

“रिपोर्ट सीधे दूतावास जाएगी,” तो म्हणाला आणि हेल्मेट घालून गेला.

निकाल येईपर्यंत गल्लीत कोणाशी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही, अशी तंबी मी सगळ्यांना दिली. काकूने भाजीच्या गाड्यावर जाणंच सोडलं. नऊ आठवडे दोन्ही घरांत भाजी आभाच्या पसंतीची आली.

दहाव्या आठवड्यात स्वातीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना आणि काकूने भिंतीला हात टेकला. मग कळलं. कागद मंजूर झाले होते. कार्यालयाने तारीख दिली होती, पुढच्या महिन्याची चौदा.

काकू होती तिथेच जमिनीवर बसली. काका, ज्यांना मी आयुष्यात कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, ते “सुटलो! सुटलो रे बाबा!” म्हणत खोलीभर फिरले. मलाही हुंदका आला, सांगायला लाज कशाची? इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसत सुटलो. आभाने लगेच पोळ्या टाकल्या. काकूने चार खाल्ल्या.

पण चौथी संपताच ती म्हणाली, “हे झालं कसं?”

“झालं ना? मग सोड,” मी म्हणालो.

“कसं सोडू? त्या माणसाने विचारलं, आणि गल्लीला तर माहीत होतं की झालंय. मग अहवाल बरोबर कसा गेला?” तिला नुसतं उत्तर चालत नाही, हे मी विसरलो होतो. “चल माझ्याबरोबर. आता तर बोलायला तुझी बंदी नाही ना?”

पेढ्यांचा डबा माझ्या हातात देऊन ती समोरच्या घरात शिरली. मिसराइन चाची खाटेवर बसून मेथी निवडत होत्या.

“आओ बहनजी, बैठो. बहुत दिनों में दिखीं.”

काकू बसली नाही. उभ्या उभ्याच तिने विचारलं, “मिसराइन जी, वो हेलमेट वाला आया था, उससे आपने क्या कहा?”

“काए, का कैते? पूछन लगे, मोड़ी ब्याही है के कुँआरी. हमने कई, कुँआरी.” चाचींच्या बोलीत मोड़ी म्हणजे मुलगी आणि कई म्हणजे म्हटलं.

“पर मैंने तो आपसे कहा था कि हो गई.”

“कई हती,” मान डोलावून चाचींनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. “बहनजी, तुमाए इते पहली संक्रांत पे बहू-बेटी को काली साड़ी और शक्कर के गहने पहनाते हैं. अनुप की बहू आभा को पहनाए, पूरा मुहल्ला देखने आया. स्वाती के ब्याह की पहली संक्रांत पे तुमने खाली तिल के लड्डू बाँटे. फोटू तक नहीं दिखाई. तुम नेम की इतनी पक्की, भूल जातीं का?”

मी काकूकडे पाहिलं. पुण्याचा इंजिनियर, त्याची बहीण, सासूचे गुडघे, सगळं रचलं होतं बाईने, आणि हलव्याचे दागिने राहून गेले होते.

“मतलब आप तब से जानती हैं?”

“हम का, सब जानत. वो हेलमेट वाला भी नहीं मान रहा था. बोला, बाहर रहती है लड़की, आपको क्या पता? तो हमने बिठा के समझाया, के भैया, बहनजी बेटी ब्याहें और हमें हल्दी-कुंकू को न बुलाएँ, ऐसा होई नहीं सकता.”

काकूने विचारलं, “तो फिर आप हर हफ्ते पूछती क्यों थीं, दामाद जी कैसे हैं?”

मिसराइन चाचींनी मेथीची सुपली खाली ठेवली. “न पूछते तो तुम समझ जातीं के हम जान गए. फिर तुम हमसे आँख मिलातीं? बिटिया की बात थी. हमने सबसे कह रखी हती, कोई बहनजी को टोके नहीं.”

काकू खाटेवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. खूप वेळ. मिसराइन चाची तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी पेढ्यांचा डबा घेऊन बावळटासारखा उभा होतो. बऱ्याच वेळाने काकूने तोंड पुसलं आणि म्हणाली, “चौदह तारीख को है. सच्ची वाली.” चाचींनी डबा माझ्या हातातून ओढून घेतला आणि दारात जाऊन शिंप्याच्या बायकोला हाक मारली.

घरी परतताना काकूने माझा दंड धरला होता. “सहा वर्षं मला वाटत होतं, मी त्यांना फसवतेय,” ती म्हणाली. “आणि त्या दर आठवड्याला विचारून माझंच खोटं सांभाळत होत्या रे, अनुप.”