राजीनामा मंजूर

हसनाबादचे गुरुजी कोर्टाच्या पायरीवर माझी वाट बघत बसले होते. मला बघितल्याबरोबर उठले. "शायरसाहेब, शाळेत माझ्या खुर्चीवर दुसराच मास्तर येऊन बसलाय. म्या नोकरी कव्हा सोडली हो?"

मला आधी हसू आलं, मंग जिवाला लागलं. त्यांचं सगळं घर त्या पगारावर चालायचं.

जालन्यात लोक मला शायर म्हणत, पण पोट भरायचं ते कोर्टातल्या भाषांतरावर. आजवर कोर्टाचा कारभार उर्दूत चालायचा, अन् आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेल्तो. नवे जजसाहेब पुण्याकडचे, त्यांना उर्दूचं अलिफ-बे ठाऊक नव्हतं. अन् आमचे जुने अर्ज लिहिणारे उर्दू सोडायला तयार नव्हते.

झालं असं. गुरुजींनी सख्ख्या भावाशी विहिरीचं भांडण मिटवलं अन् तसा कागद कोर्टात दिला. अशा कागदाला उर्दूत राजीनामा म्हणतात. दोन्ही बाजू राजी, म्हणून राजीनामा. मी बराबर 'तडजोड' लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं. म्हणाले, राजीनामा हा शब्द मराठीच आहे, कवींनी कल्पना लढवू नये. वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गुरुजींचा राजीनामा मंजूर'. गुरुजी पडले सरकारी नोकर, म्हणून नक्कल शाळाखात्यात गेली. तिथल्या लोकांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

मी सांगायला गेलो, तर साहेब ऐकूनच घेईनात. उलट मलाच हुकूम, यापुढे मूळ शब्द बदलायचा नाही. बरं म्हटलं. हुकूम तर हुकूम.

त्याच आठवड्यात केदारखेड्याचं एक जोडपं आलं. पोटगीचा दावा होता, तो आपसात मिटला होता. मी तोंड अगदी सरळ ठेवून भर कोर्टात वाचलं, "नवरा-बायको दोघांनीही राजीनामा दिला आहे. मंजूर व्हावा."

साहेबांनी चष्मा वर केला. "कशाचा राजीनामा?"

"पदाचा उल्लेख नाही, साहेब. नवरेपणाचा अन् बायकोपणाचाच असणार."

वकील मंडळी खाली बघायला लागली. बाई बिचारी घाबरून पुढं आली. "न्हाई हो साहेब, आमचं जमलंय. म्या नांदायला चाल्ले, गाडी भाईर जुंपून ठिवलीय."

साहेबांनी कागद जवळ ओढून पुन्हा वाचला. मंग हळूच मला म्हणाले, "तडजोड?"

"बिलकुल, साहेब."

संध्याकाळच्या आत शाळाखात्याला दुरुस्ती गेली. गुरुजी पुन्हा आपल्या खुर्चीवर. साहेबांनी चूक काही कबूल केली न्हाई. फक्त माझ्या टेबलावर एक लेखी हुकूम आला: 'भाषांतरकाराने भाषांतर करावे.'

तेव्हापासून मी साहेबलोकांशी वाद घालणं सोडलं. त्यांचा हुकूम तंतोतंत पाळला, की तो जल्दी रद्द होतो.