पट्ट्याची भीती, भाऱ्याची नाही

मंडळी, आज डोकं फिरलंय.

गरोदर बाईच्या कंबरेवर किती ताण येतो ते मोजणारा हलका पट्टा आम्ही कॉलेजात बनवलाय. तो घेऊन सकाळी इस्लामपूरजवळच्या एका रानात गेले. सातव्या महिन्यातली सून पट्टा बांधायला तयार होती, पण सासू आडवी आली.

"पोटाला वायरी नगं. बाळाला काय झालं म्हंजे?"

मी पट्टा पिशवीत ठेवतेय, तोवर त्याच सासूनं सुनेच्या डोक्यावर उसाच्या वाड्याचा, म्हणजे वैरणीच्या हिरव्या शेंड्यांचा, ओला भारा चढवला!

"मावशी, आणि ह्यानं बाळाला काही होत नाही?"

"आवं मॅडम, आमी न्हाई व्हय वाह्यलं?"

सून गेल्यावर मावशी कंबर धरून बांधावर टेकल्या. हळूच म्हणाल्या, "थोरल्याच्या बाळंतपणापासनं दुखतीया. ह्या पट्ट्यानं दुखायचं ऱ्हाईल का?"

आता सांगा, मी चिडू तरी कुणावर?