धोंड्याची शेरवानी

वजन कमी करायचं म्हणून मी रोज सकाळी चालायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात माझं वजन वाढलं.

यात चालण्याचा काही दोष नव्हता. खाल्लेलं चालून जिरवायचं, असं सगळे सांगतात. मी त्यात किंचित सुधारणा केली. आधी चालायचं, मग चाललो तेवढं खायचं! हिमायतनगरच्या घरून निघून मी ताड ताड कोठीपर्यंत जायचो. तिथं कोपऱ्यावर डोशाची बंडी. (बंडी म्हणजे हातगाडी. हैदराबादेत पोटाचे सगळे वांधे तिथूनच सुरू होतात.) लोण्यात न्हालेला, आत उप्पीट भरलेला डोसा! चालून आलो म्हणून एक आणि घरी चालत जायचंच आहे म्हणून ॲडव्हान्समध्ये दुसरा.

घरी आलो की बायको, म्हणजे वैशाली, ज्वारीची भाकरी आणि उकडलेली भाजी पुढं ठेवून कौतुकानं बघायची. "उतरलात हो तुम्ही!" मी घाम पुसत नुसतं "हौ" म्हणायचो. वजनकाट्याचा सेल मी आधीच काढून ठेवला होता.

तेवढ्यात अधिक महिना आला, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू! सासरी बोलावून ओवाळतात, नवे कपडे करतात आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. माझं सासर जामबागला. यंदा सासऱ्यांनी माझ्यासाठी शेरवानी शिवायची ठरवली.

"मापं कळवली मी," वैशाली म्हणाली.

"माझी मापं घेतलीस कधी?"

"घ्यायची कशाला? मागच्या मापापेक्षा तीन इंच कमी सांगितली. इतकं चालताय, तोवर तेवढं होईलच की!"

"अगं, पण..."

"पण नाही न् बिण नाही. आई दरवेळी धाकट्या जावयाचं पोट कसं सपाट म्हणून मलाच ऐकवते. यंदा बघू दे तिला! माहेरी माझी लाज राखा म्हणजे झालं."

(धाकटा साडू पुण्याहून इथं आयटीत आलेला. तो जेवणात काकडी खातो आणि वर ढेकर देतो. अशा माणसाशी माझी तुलना!)

धोंड्याच्या दिवशी मी शेवटचा उपाय काढला. सकाळपासून काही खायचं नाही आणि जामबागपर्यंत पायी जायचं, म्हणजे एखादा इंच तरी वाटेत गळून पडेल. वैशाली रिक्षानं पुढं गेली. नारायणगुड्यापर्यंत माझा निर्धार पक्का होता. कोठीला लोण्याचा वास आला आणि पाय आपोआप वळले.

"रोजवालाच दूं क्या, साब?" बंडीवाल्यानं विचारलं.

"आज एकीच. सासरी खाना है."

"एकीच? तबीयत तो ठीक है ना?"

शेजारी पाठमोरे उभे राहून खाणारे एक गृहस्थ माझा आवाज ऐकून जोरात खोकले आणि वळले. तोंडात डोसा, मिशीला चटणी. माझे सासरे! रक्तात साखर आहे म्हणून सासूबाई ज्यांना रोज सकाळी फिरायला पिटाळतात, तेच!

"मामा, तुम्ही?"

"जावईबापू, तुम्ही?"

बंडीवाला खूश झाला. "रिश्तेदार हैं क्या तुम लोगां? ये साब जल्दी आते, आप बाद में आते. आज एकीच टाइम कू आ गए!"

मामांनी माझा हात गच्च धरला. "घरी बोलायचं नाही."

"शप्पथ!"

या करारावर आणखी एकेक डोसा झाला. मग पोटापायी चालवेना, म्हणून रिक्षा केली, गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि धापा टाकत घरात शिरलो. (धापा खऱ्या होत्या. मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.)

"अगं बाई, हिमायतनगरपासून चालत!" सासूबाई, म्हणजे मामी, हळहळल्या. "तोंड कसं सुकलंय! तुम्हाला दोन धोंडे जास्तीचे वाढते."

पण आधी शेरवानी! वैशालीनं ती माझ्या हातात दिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा भरवसा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतल्या खोलीत जाऊन डोळे मिटले, श्वास कोंडला आणि पहिलं बटण लावलं. लागलं! दुसरं लागलं. शेवटचंसुद्धा लागलं! भीत भीत श्वास सोडला, तरी सगळी बटणं जागच्या जागी.

बाहेर आलो तर वैशालीच्या डोळ्यांत पाणी. "बघ आई! म्हटलं होतं ना मी?"

साडूनं उठून हात मिळवला. "दादा, तुमचं रूटीन तरी काय आहे?"

"बॅलन्स," मी गंभीरपणे म्हणालो. "खाणं आणि चालणं सारखंच ठेवायचं."

मामांना पुन्हा खोकला आला.

आनंदाच्या भरात मी धोंड्यांवर तुटून पडलो. मामी तूप वाढायला वाकल्या आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "निवांत खा. शिंप्याला आत कापड सोडायला लावलंय, अजून सैल करता येते."

मी हातातला धोंडा ताटात ठेवला. "म्हणजे?"

"पोरीच्या मापावर शिवली असती, तर तुमची बाहीसुद्धा चढली नसती. मामांच्या पँटा उसवून घ्यायला गेले होते, तेव्हाच तुमचंही माप वाढवून सांगितलं."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"देवळातून येताना त्याच बंडीवरून मी इडली बांधून घेते. जाताना मामा दिसतात, येताना तुम्ही, दोघंही पाठमोरे. पाठी रुंद होताना दिसतात की!"

परतताना रिक्षात वैशाली माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. इतकी खूश मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मला राहवेना. "ऐक ना, तुला एक खरं सांगायचंय..."

"आधी माझं ऐका! दिवाळीच्या पाडव्याला बाबा तुम्हाला सूट करणार आहेत. मी माप अजून दोन इंच कमी सांगितलं!"

म्हणून हल्ली मी दोन वेळा चालतो. सकाळी मामांबरोबर बंडीपर्यंत, संध्याकाळी मामींबरोबर शिंप्यापर्यंत. दर सणाला मी बारीक होतोय, अशी वैशालीची खात्री आहे. माझं खरं माप काय म्हणता? ते मामींना विचारा. मी फक्त घालून बघतो!