शिडाच्या होडीला रडार

आगरदांड्याच्या रावजीने होडीवर रडार बसवायचं ठरवलं, तेव्हा धक्क्यावरच्या मंडळींना हसायला फुकटचा विषय मिळाला. एवढीशी शिडाची होडी, तिला ना इंजिन ना केबिन, आणि साहेबांना रडार हवं! उद्या सायकलला एसी लावशील, असंही कोणी म्हणालं. रावजीने ऐकून घेतलं. राग यायला माणूस आतून जागा असावा लागतो, आणि रावजी गेल्या हिवाळ्यापासून जागा नव्हता. वाढलं की जेवायचा, जाळं हातात दिलं की सांधायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. बाकी सगळं बधिर.

त्या हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी, दाट धुक्यात, एका मालवाहू बार्जने त्याच्या होडीला धडक दिली. रावजी उलटलेल्या होडीला धरून राहिला म्हणून वाचला. बरोबर असलेला त्याचा मुलगा ओंकार काही सापडला नाही. गावच्या होड्या शोधून शोधून थकल्या. पुढे होडी दुरुस्त झाली, पण रावजीच्या बायकोने, सोनाबाईने, निक्षून सांगितलं, "धुक्यात दिसनारं मशीन बसवा, मगच पान्यात जा. न्हायतर हितंच बसा." रावजीला समुद्राशिवाय दुसरं काही येत नव्हतं. म्हणून तो मशीन बघायला निघाला.

मुरुडचा कुलदीप ट्रॉलरवर असली यंत्रं बसवायचा. त्याने दोन रडारं पुढ्यात ठेवली.

"काका, ह्यो मोठा लय लांबचं दाखवतो, पन इंजिनाच्या जिवावर चालनारा. तुमची सोलरवरची बॅटरी घटकाभरात पिऊन टाकंल. त्यापरीस ह्यो बारका घ्या. सारखा चालू न्हाय र्‍हात. मधनंमधनं उठतो, चारी बाजूंनी बघतो, परत झोपतो. वीज कमी खातो."

रावजीने तो पांढरा घुमट बाजारात भोपळा बघावा तसा उलटापालटा करून पाहिला. "बार्ज दिसंल?"

"दिसंल की. वेळेत दिसंल."

"मंग ह्योच."

आवडला की नाही, हे कुलदीपला त्याच्या तोंडावरून कळेना.

घुमट डोलकाठीवर चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीप चाचणी घ्यायला आला, तर रडारचा पडदा उजळलाच नाही. बॅटरी कोरडी ठाक. वायरी तपासत तो होडीच्या टोकाशी गेला आणि थबकला. तिथे ट्रॉलरवर असते तसली मोठी पिवळी बत्ती होती. ओंकारने हौसेने कुठूनशी आणून बसवली होती, आणि अपघातातून तेवढीच धड निघाली होती. सोनाबाई रोज तिन्हीसांजेला धक्क्यावर येऊन ती पेटवायची आणि उजाडल्यावर विझवायची. पोरगा कुठून आलाच तर आपली होडी ओळखेल, असं तिने एकदा रावजीला सांगितलं होतं. त्यावर रावजी काहीच बोलला नव्हता, आणि मग गावानेही तो विषय काढला नाही.

"ही रातभर जळते, मंग सकाळी रडारला काय र्‍हानार?" कुलदीप चाचरत म्हणाला. "बारकी एलईडी लावू का हितं?"

"तिला हीच लागते."

"सोलरची दुसरी पाटी लावली आसती, पन शिडाच्या सावलीत ती भरायची न्हाय. काका, दोघांतलं येकच चालंल."

कुलदीपने हत्यारं गोळा केली.

रावजी घरी आला. वाटेत त्याच्या मनात आलं, मशीन परत करावं आणि गप घरी बसावं. तसं केलं असतं तरी त्याला काही वाटलं नसतं. सोनाबाई पडवीत सुकट निवडत होती.

"चाललं मशीन?"

"न्हाय. बत्तीनं बॅटरी खाल्ली."

तिचे हात थांबले. "मंग?"

"बत्ती बंद करायला लागंल." हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं, आणि ते ऐकून ही बाई कोसळेल याची त्याला खात्री होती. "अगं, त्यो यायचा न्हाय आता."

सोनाबाई कोसळली नाही. तिने सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पयल्या दिसापास्नं म्हाईत हाय. पन तुमी डोळ्यातनं येक टिपूस काढला न्हाय. मला वाटलं, तुमी त्याची वाट बघताय. तुमच्यासाठी लावत व्हते मी."

रावजीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला. तो लहान पोरासारखा रडायला लागला. ओंकार गेला, हे त्याला तेव्हा कुठे कळलं.