शेंडेनक्षत्राचं म्हातारपण

आकाशातल्या मळकट बर्फाच्या ढेकळाला घाबरून तुम्ही कधी चांगलं काम पुढं ढकललंय का? आमचं गाव ढकलणार होतं.

दुष्काळाचं वर्ष. ऊस वाळला, जनावरं तेवढी उरली. म्हणून माझ्या आत्यानं बायकांची दूध संस्था काढली. पाडव्याला सुरुवात ठरली आणि त्याच सुमारास संध्याकाळी पश्चिमेला शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, दिसू लागलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाप्पांनी जाहीर केलं, "ते जाईस्तोवर माझ्या सुना दूध घालणार न्हाईत." सगळ्यांत जास्त म्हशी त्यांच्याच दावणीला. त्यांचं दूध नसेल, तर दुधाचा टेम्पो आमच्या गावाकडं वळणारच नव्हता.

पत्रकं वाचत वाढलेली मी. लगेच पत्रक लिहिलं, 'अंधश्रद्धा गाडा!' बाप्पांनी त्यात तंबाखू बांधली.

आत्या म्हणाली, "बये, वरडू नको. दाखव."

मग मी कडा गावच्या बाजारातून बर्फाची लादी आणली. बर्फ फोडून त्यात चुलीतली राख आणि माती कालवली, गोळा केला आणि बाप्पांना अंगणात बोलावून तो परातीत भर उन्हात ठेवला. सांगितलं, "शेंडेनक्षत्र असंच असतं. सूर्याजवळ आलं की बर्फाची वाफ होते, धूळ उडते, तीच शेपटी. दर फेरीला बर्फ कमी होत जातो."

बाप्पा उकिडवे बसून बघत राहिले. बर्फ वितळला तशी राखमाती गोळ्यावर साचली, काळी साय धरली आणि वितळणं मंदावलं.

"आता काहून थांबलं हे? थांब, भुसकटात लादी टिकती, तसंच ना?"

"तसंच. आतल्या बर्फाला ऊनच पोचत नाही. वरचंही असंच काळं पडतं, शेपटी आखडते, शेवटी नुसतं ढेकूळ फिरत राहतं."

"म्हंजी ते बी म्हातारं व्हतंय! माझ्यावानीच की, धूर संपला."

"तुमचा कुठं संपलाय, बाप्पा?" आत्या म्हणाली. "बिडी इझवा आदी!"

हे शेंडेनक्षत्र अजून तरणंबांड आहे, हेही मी सांगून टाकलं. खोटं कशाला? बाप्पा म्हणाले, "असू दे. व्हईल की म्हातारं. त्याच्यासाठी दूध नासवू का?"

पाडव्याला दुधाची पहिली चरवी त्यांच्याच थोरल्या सुनेनं आणली. टेम्पो वळला.

तुमच्या गावात कुणी आकाशाकडं बोट दाखवून काम अडवत असेल, तर याच आठवड्यात त्याला अंगणात बोलवा, राख कालवलेला बर्फ उन्हात ठेवा आणि कामाचा दिवस त्याच्याच तोंडून ठरवून घ्या.