मार्थाचं राहिलेलं भांडण

ईस्टरला अकरा दिवस बाकी होते, तेव्हा माझी बायको मार्था धुळ्याच्या दवाखान्यात वारली. नर्सबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. मी म्हणालो, "अजून तिचं बोलून व्हायचंय." त्यांना वाटलं म्हातारा भ्रमला. भ्रमलो नव्हतो...

मी चौथी शिकलेला, जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलून जन्म गेला. पण आमच्या शिरपूरच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत कोणी मटण सोडतं, कोणी चहा. मार्था भांडण सोडायची. माझ्याशी. एरवी बाईची जीभ अशी, की भाजीवाला पाटी उचलून पुढे पळायचा. मी एकदा म्हणालो, त्यापेक्षा चहा सोड.

"चहा सोडानं काय अवघड शे? जे सोडताना जीव तुटस, तेच देवले देवानं."

"आणि देव काय देतो?"

"तुमले चाळीस दिन शांतता भेटस ना?"

शांतता कसली, घर खायला उठायचं. ईस्टरला चर्चमधून आली की पदर खोचून चाळीस दिवसांचं सगळं एकदम काढायची, आणि मी खुशीने ऐकायचो.

यंदा ती आजारी म्हणून तिचा धाकटा भाऊ सोनगीरहून भेटायला आला. "दोन वर्षं बहीण आठवली नाही, आता मयतीला आलास का?" मी दारातच बोललो. तो पायरीवरूनच परत गेला. आत पडल्या पडल्या तिने सगळं ऐकलं. ओठ हलले... मिटले. मला वाटलं, बरं झालं, उपवासाचे दिवस आहेत, सुटलो. पुढे तो मातीला आला, पण कबरस्तानाच्या फाटकाशीच उभा राहून गेला.

ईस्टरला चर्चमधून येऊन बसून राहिलो. बोलणारं कोणी नाही. पाळक म्हणतात, त्यागाचं फळ स्वर्गात मिळतं. मिळत असेल. पण मेहुणा दारात आला त्या दिवशी ती भांडली असती तर मी उलट भांडलो असतो, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. आता मिटेना. दुपारच्या एसटीने सोनगीरला गेलो. मेहुणा ओट्यावर होता, उठला नाही. "माझं चुकलं," म्हणालो. हे मी मार्थालासुद्धा उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं.

स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तो म्हणाला, "दाजी, अक्का मनावर रागमा व्हती का?"

"नहीं रे. तुनावर नहीं, मनावर व्हती," मी माझ्याकडे बोट केलं. "बोलनी नहीं."

मग तो सरकला, ओट्यावर जागा केली.

आता रविवारी तो घरी येतो. मार्थाच्या खाटेवर मी कोणाला बसू देत नाही. तो बसतो.