ऊस तुटल्यावर बघितलेला प्लॉट

मंडळी, पहिला प्लॉट घेताना काय बघावं, असं ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं. मला ते आज सकाळी कळलं. उशीर झाला.

शेळगावजवळचा माझा अकरा गुंठ्यांचा तुकडा विकायला काढलाय. आज गिऱ्हाईक घेऊन गेले, तर डांबरीपासून पुढे नुसता डोक्यावर गेलेला ऊस. आत शिरायला वाटच नाही.

मागच्या उन्हाळ्यात एजंटाने इथूनच गाडी थेट प्लॉटवर नेली होती. तेव्हा नुकतीच तोड झाली होती, रान मोकळं होतं. मी सातबारा वाचला, हद्दीचे दगड बघितले. गाडी कुणाच्या रानातून चाललीय, एवढंच विचारलं नाही.

उसाचे मालक तात्या बांधावर होते. शांतपणे म्हणाले, “ताई, हितनं रस्ता कधीच नव्हता. ऊस तुटला व्हता म्हणून तुमची गाडी गेली.”

“मग मी जायचं कुठनं?”

“तहसीलात अर्ज करा. आमच्या थोरल्या भावानं केला व्हता. भाऊ गेला, अर्ज हाय अजून.”

गिऱ्हाईक गाडीतून उतरलंसुद्धा नाही.

तर नवीन लोकांनो, जागा ऊस उभा असताना बघा. मला याचा आता काही उपयोग नाही.

खरं सांगते, बारामतीला परत येताना माझ्या डोक्यात एकच होतं, पुढचं गिऱ्हाईक तोड झाल्यावरच आणायचं. मला विकणाऱ्यानंही असंच ठरवलं असेल का?